आमचे टपाल कोणी निवडावे?

शिवडीच्या बी. डी. डी. चाळीत किंवा लालबाग-परळच्या एखाद्या खोलीत ज्यांचे बालपण गेले, त्यांना टपालवाला आठवतच असेल. गावाकडून आलेले पत्र ज्या गिरणी कामगाराला वाचता येत नसे, तो ते टपालवाल्याच्याच हाती देई आणि "वाचा जरा" म्हणे. टपालवाला ते वाचून दाखवी. त्यात कोणास काही गैर वाटत नसे. पण त्याच टपालवाल्याने जिन्याखाली पत्रे चाळून, "तुमचे एक पत्र कामाचे दिसले नाही, फेकून दिले" असे सांगितले असते तर? चाळीने त्याला दुसऱ्या दिवशी जिना चढू दिला नसता. वाचणारा तोच, पण पहिल्या खेपेस त्याला पत्राच्या धन्याने सांगितले होते, दुसऱ्या खेपेस नाही. इंटरनेट पुरविणाऱ्या कंपनीने ग्राहकाचे ई-मेल त्याला न विचारता गाळावे काय, हा प्रश्न मुळात या फरकाचा आहे.

गाळणीची गरजच नाही, असे आम्ही म्हणत नाही. मे १९७८ मध्ये अमेरिकेतील एका संगणक कंपनीच्या विक्रेत्याने सुमारे ४०० जणांना एकच जाहिरात ई-मेलने धाडली. नको असलेल्या टपालाची, म्हणजे स्पॅमची, ती सुरुवात मानतात. आज जगातील ई-मेलपैकी निम्म्याच्या आसपास टपाल याच जातीचे असते. त्यात नुसत्या जाहिराती नसतात. बँकेचे नाव घेऊन पेन्शनरांची पुंजी लुटणारी पत्रेही असतात.

आता गाळणी काम कशी करते ते पाहू. ती एक तर पत्र कोणत्या यंत्रावरून निघाले हे पाहून बदनाम यंत्रांच्या यादीशी ताडते. किंवा मजकुरातील शब्द मोजून, पूर्वी टाकाऊ ठरलेल्या पत्रांशी त्याचे साम्य किती हे ठरविते. म्हणजे तिचा निकाल हा अंदाज असतो. 'कर्ज', 'बक्षीस', 'त्वरित' हे शब्द ठकाच्या पत्रात असतात, तसे पतपेढीच्या खऱ्या पत्रातही असतात. अंदाज म्हटला की चूक आलीच. आणि त्या चुकीत एखाद्या मुलाचे मुलाखतीचे बोलावणेही सापडू शकते.

म्हणूनच संशयित पत्राचे पुढे काय होते, हे महत्त्वाचे. येथे तीन वाटा आहेत. पत्र दारातूनच परत केले, तर निदान पाठविणाऱ्याला ते कळते. वेगळ्या पेटीत ठेवले, तर घेणाऱ्याला ते पाहता येते. पण गुपचूप नष्ट केले, तर पाठविणारा उत्तराची वाट पाहतो, घेणारा पत्राची वाट पाहतो, आणि दोघेही एकमेकांना दोष देतात. ही तिसरी वाट आम्हांस सर्वथा अमान्य आहे.

आपल्याकडे १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने जनतेसाठी इंटरनेट खुले केले, तेव्हा पुरवठादार एकच होता. आज निवड आहे, परंतु गाळणीबाबत निवड आहे काय? दूरध्वनीच्या बाबतीत दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०१० च्या नियमांत ती ग्राहकाच्या हाती दिली: १९०९ या क्रमांकावर कळवून जाहिराती सरसकट बंद कराव्यात, किंवा बँका, शिक्षण, आरोग्य अशा वर्गांतील हव्या त्या येऊ द्याव्यात. उलट मे २०२५ मध्ये एअरटेलने फसव्या संकेतस्थळांना अडविणारी जी व्यवस्था जाहीर केली, ती ई-मेलमधून आलेल्या दुव्यांनाही लागू आहे आणि ग्राहकाने न मागताच चालू होते. मात्र वाट अडविली की तसे कारणासह सांगणारे पान ती पुढे करते. हेतू चांगला आहे, आणि सांगून अडविणे हे न सांगता अडविण्याहून पुष्कळच बरे. तरीही सांगणे वेगळे आणि विचारणे वेगळे.

कोणी म्हणेल, एवढ्याशा गोष्टीसाठी संमतीचा आग्रह कशाला? १८९८ चा टपाल कायदा परक्या सत्तेने केलेला होता. त्या कायद्यानेही टपाल अडविण्याचा अधिकार सरकारला दिला तो सार्वजनिक आणीबाणीत वा सार्वजनिक सुरक्षिततेसाठी व शांततेसाठी, आणि तोही लेखी आदेशाने. पुढे २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. सरकारला जेथे आदेश लेखी द्यावा लागे, तेथे व्यापारी कंपनीने निदान तोंडी तरी विचारावे, ही अपेक्षा फार मोठी नाही.

आमचे म्हणणे एवढेच: गाळणी जरूर असावी, पण ती आहे हे ग्राहकाला आधी सांगावे, त्याची संमती घ्यावी, ती बंद करण्याची सोय द्यावी आणि अडविलेले पत्र त्याला पाहता यावे. तोवर श्रोत्यांनी घरी गेल्यावर आपल्या ई-मेलची स्पॅमची पेटी एकदा उघडून पाहावी. तेथे एखादे आपल्या माणसाचे पत्र पडलेले असेल, तर ते बाहेर काढावे आणि उशीर झाला तरी उत्तर लिहावे.