जुन्या गावठी गुलाबाची जोपासना

विहिरीच्या थारोळ्याजवळ, देवळाच्या आवारात किंवा मळ्यातील पाटाच्या कडेला भरगच्च गुलाबी फुलांचे एखादे जुने झुडूप पुष्कळ गावांत आढळते. लोक त्यास गावठी गुलाब म्हणतात. यांपैकी कित्येक झुडपे एडवर्ड या जातीची असतात. नवीन कलमी गुलाब लावण्यासाठी अशी झुडपे उपटून टाकण्यापूर्वी त्यांची योग्यता समजून घेणे हिताचे आहे.

सन १८६७ मध्ये फ्रान्समध्ये निघालेल्या ‘ला फ्रान्स’ या जातीपासून आधुनिक गुलाबांचा काळ मोजतात. त्यापूर्वीच्या वर्गांतील गुलाबांना जुने उद्यान-गुलाब म्हणतात. एडवर्ड हा त्यांपैकीच होय. हिंदी महासागरातील बूर्बों, म्हणजे आजच्या रेयुनियों, बेटावर दमास्क व चिनी गुलाबांच्या संकरातून हा वर्ग निपजला. दमास्काचा सुवास आणि चिनी गुलाबाचा वारंवार फुलण्याचा गुण त्यात एकत्र आले आहेत.

कलमी गुलाबाची लांबट कळी फुलदाणीत कित्येक दिवस शोभते. गावठी गुलाबाच्या पाकळ्या मात्र लवकर गळतात. हा दोष मानू नये. या फुलाची पारख सुवासावरून व पाकळ्यांच्या भरगच्चपणावरून करावी. पूजा, हार व गुलकंद यांसाठी तेच उपयोगी पडते. फुले सूर्योदयाच्या सुमारास, ऊन चढण्यापूर्वी तोडावीत. नंतर सुवास कमी होतो. गुलकंदासाठी घ्यावयाच्या फुलांवर विषारी औषधे मुळीच फवारू नयेत.

बियांपासून मूळ जातीचे गुण जसेच्या तसे उतरत नाहीत. म्हणून लागवड फाट्यांपासूनच करावी. परंतु जुन्या कलमातील भरलेला डोळा मरून केवळ खालचा खुंट वाढलेला असण्याचा संभव असतो. यासाठी झुडूप फुलावर असताना फूल पाहून चांगल्या फांदीस सुतळी बांधून ठेवावी व पुढे तिचेच फाटे घ्यावेत.

पावसाळ्याच्या आरंभी पेन्सिलीएवढ्या जाडीचे, सुमारे २० सेंटिमीटर लांबीचे पक्व फाटे घ्यावेत. खालचा काप डोळ्याच्या लगत खाली द्यावा. फाट्याचा दोनतृतीयांश भाग भुसभुशीत मातीत पुरावा व सावली करावी. मुळ्या चांगल्या फुटल्यावर ४५ सेंटिमीटर लांब, रुंद व खोल खड्डा शेणखत व मातीने भरून त्यात रोप लावावे. दोन रोपांत सुमारे एक मीटर अंतर ठेवावे. जागा भरपूर उन्हाची व निचऱ्याची असावी. बुंध्याशी पाणी साचू देऊ नये.

छाटणी ऑक्टोबरमध्ये हलकी करावी. वाळलेल्या, रोगट व एकमेकींत गुंतलेल्या फांद्या काढाव्यात. शेंड्याकडून फांदी काळी पडत असल्यास ती निरोगी भागापर्यंत कापून कापास बोर्डो मलम लावावे.

गावात असे एकच झुडूप असेल, तर ते मेल्यावर किंवा उपटल्यावर ती जात त्या गावातून कायमची जाते. म्हणून ग्रामसेवकांनी अशा झुडपांची नोंद ठेवावी आणि शाळा, देऊळ व हौशी शेतकरी यांना त्यांची रोपे करून घेण्यास साहाय्य करावे. एका झुडपाची रोपे दहा दारी लागली, म्हणजे एखादे झाड गेले तरी गावाचा गुलाब टिकून राहील.