डोंगराआडचा पाऊस आणि बोअरचं कर्ज

गटाच्या बैठकीत एक प्रश्न हमखास येतो. महाबळेश्वर आपल्याच सातारा जिल्ह्यात, मग तिथला पाऊस आपल्या माणात का येत नाही?

पावसाळी वारं अरबी समुद्रावरून वाफ घेऊन येतं. आधी लागते कोकणची चिंचोळी पट्टी, मग सह्याद्रीची भिंत आडवी येते. वारं वर चढतं, वर गारवा, तिथं वाफेचं पाणी होऊन ढग रिकामे होतात. महाबळेश्वरला वर्षाला साधारण ५,५०० मिलिमीटर पाऊस पडतो. डोंगर उतरताना तेच वारं तापून कोरडं होतं. म्हणून माण-खटावात ५०० मिलिमीटरच्या आसपासच. सांगोला, आटपाडी, जत हे आपले शेजारीही याच पर्जन्यछायेत. आपला भरवसा परतीच्या पावसावर, म्हणून आपल्याकडे भात नाही, शाळू आहे.

आता पायाखालचं बघू. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथं लाव्हा थरावर थर पसरला आणि त्याचा काळा पाषाण झाला. महाराष्ट्राचा ८० टक्क्यांहून जास्त भाग असाच आहे. या पाषाणात पाणी राहतं ते वरच्या मुरमात आणि भेगांत. जळगावकडे तापीकाठी गाळाचा थर खोल आहे, तिथं केळीच्या बागा उभ्या राहतात. भंडारा-गोंदियाकडे पाऊसही जास्त आणि खडकही वेगळा, म्हणून तलाव आणि भात. तिकडच्या पाहुण्यांचा सल्ला आपल्या रानात चालेलच असं नाही.

हे सांगायचं कारण, बोअरसाठी कर्ज मागणारे अर्ज. दोनशे फुटांवर नाही लागलं तर पाचशेवर लागेल, असं गाडीवाला म्हणतो. त्याचे पैसे फुटावर असतात, तो म्हणणारच! कातळात खोल गेलं म्हणून पाणी वाढत नाही. एखादी भेग लागलीच, तर ती उपसल्यावर पावसानं लवकर भरत नाही. २००९च्या भूजल कायद्यानं शेती आणि उद्योगासाठी ६० मीटरपेक्षा, म्हणजे साधारण दोनशे फुटांपेक्षा, खोल विहीर घ्यायला मनाईच आहे. पाणाड्या हातावर नारळ उभा करून जागा दाखवतो, पण बोअर कोरडी गेली तरी हप्ता काही थांबत नाही. आणि कर्ज असतं बाईच्या नावावर.

म्हणून आम्ही अर्जासोबत आधी तीन गोष्टी विचारतो. शेजारच्या विहिरी किती खोल आहेत? मे महिन्यात त्यांना किती हात पाणी असतं? आसपास किती बोअर कोरड्या गेल्या? जिल्ह्याच्या भूजल सर्वेक्षण कार्यालयातही चौकशी करता येते. आणि पत्र्याचा हिशोब करा. एक चौरस मीटर पत्र्यावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. वीस बाय पंधरा फुटांच्या पत्र्यावर आपल्या ५०० मिलिमीटरचे जवळजवळ चौदा हजार लिटर होतात. थोडं सांडलं-उडालं तरी शेळ्यांपुरतं साठतंच. पन्हाळ आणि टाकीसाठी कर्ज हवं असेल, तर तो अर्ज पुढच्या बैठकीत घेऊन या.