आयडा मुलुनेह यांचे लाल, निळा, पिवळा

इथिओपियाच्या छायाचित्रकार आयडा मुलुनेह १९८५ मध्ये कॅनडात राहायला आल्या, तेव्हा इथिओपिया म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर एकच दृश्य यायचं: हाडांचा सापळा झालेलं मूल. आदल्या वर्षीच्या दुष्काळाची ती चित्रं टीव्हीने घरोघर पोहोचवली होती. ती खोटी नव्हती. पण एका प्राचीन देशाची तेवढीच ओळख उरली, आणि ती ठरवणारे कॅमेरे बहुतेक परक्यांचे होते. आपल्या माणसांचं चित्र जगापुढे कोणी ठेवायचं, हा प्रश्न आयडा यांच्या साऱ्या कामाच्या मुळाशी आहे.

त्यांचा जन्म १९७४ चा, अदिस अबाबातला; त्याच वर्षी सम्राट हैले सेलासी यांची सत्ता उलथली. बालपण येमेन आणि सायप्रसमध्ये गेलं. २००० मध्ये हॉवर्ड विद्यापीठातून चित्रपट विषयातली पदवी, मग ‘वॉशिंग्टन पोस्ट’साठी छायाचित्रण. २००७ मध्ये मालीतल्या बामाकोच्या छायाचित्र महोत्सवात त्यांना युरोपीय संघाचं पारितोषिक मिळालं. त्याच वर्षी त्या अदिसला परतल्या.

खरं वळण आलं २०१३ च्या ‘९९ सीरिज’मध्ये. क्युरेटर सायमन न्जामी यांच्या ‘डिव्हाइन कॉमेडी’ प्रदर्शनासाठी केलेल्या या चित्रांत बाईचा चेहरा पांढरा रंगवलेला, हात लालभडक. बातमीची छायाचित्रकार आता चित्र घडवू लागली होती. २०१६ च्या ‘द वर्ल्ड इज ९’चं नाव आजीच्या बोलण्यातून आलं: जग नऊ आहे, ते कधी पूर्ण होत नाही, कधी निर्दोष नसतं. लाल, निळा, पिवळा असे निखळ रंग, आफ्रिकेतल्या अंग रंगवण्याच्या परंपरांची आठवण करून देणारे चेहरे, आणि थेट आपल्याकडे पाहणारी नजर. इथे कोणी दयेची याचना करत नाही.

या पद्धतीची कसोटी लागली ती २०१८ च्या ‘वॉटर लाइफ’मध्ये. ‘वॉटरएड’ संस्थेसाठी केलेल्या या मालिकेचं चित्रण झालं अफार प्रदेशातल्या दल्लोलला, समुद्रसपाटीहून खालच्या, होरपळणाऱ्या मिठाच्या भूमीत. पाण्यासाठी बायकांची होणारी पायपीट हा विषय. बातमीदाराने घामेजलेला चेहरा आणि ओझ्याने वाकलेली पाठ टिपली असती. आयडा यांच्या बायका झगझगीत वस्त्रांत ताठ उभ्या राहतात. सौंदर्यामुळे दुःख बोथट होतं, असा आक्षेप यावर घेता येईल; मला तो पटत नाही. करुणेच्या चित्रावरून नजर लवकर सरकते, या चित्रांसमोर ती अडते, आणि मग पाण्याचं रिकामं भांडं दिसतं.

२०२० मध्ये नोबेल शांतता पारितोषिकाच्या प्रदर्शनासाठी त्यांनी भुकेचा शस्त्र म्हणून होणारा वापर हा विषय हाताळला. ‘रोड टू ग्लोरी’ या त्या मालिकेतली काही प्रतीकं मथळा वाचल्याशिवाय उलगडत नाहीत, हे मान्य करायला हवं. तरी भूक दाखवताना एकाही भुकेल्या देहाचं प्रदर्शन न मांडण्याचा त्यांचा निर्धार मोठा आहे.

छायाचित्रांइतकंच मोलाचं त्यांचं दुसरं काम म्हणजे २०१० मध्ये उभा केलेला ‘अदिस फोटो फेस्ट’. आफ्रिकी छायाचित्रकारांना आपलं काम आपल्याच भूमीवर, जगभरच्या कामाशेजारी मांडता यावं, यासाठी त्यांनी तो नेटाने चालवला. पुढे आयव्हरी कोस्टमधल्या आबिजानला गेल्यावर तिथे ‘आफ्रिका फोटो फेअर’ सुरू केलं. २०२३ मध्ये त्यांची चित्रं न्यूयॉर्क, शिकागो, बोस्टन आणि आबिजान इथल्या तीनशेहून अधिक बसथांब्यांवर लागली. ती पाहायला तिकीट लागत नव्हतं.