थंडीचे पित्त : सोसणे वेगळे, सवय वेगळी

पौषातील पहाटे गार पाण्याने स्नान करून अभिषेकास जाणारी मंडळी आजही गावोगावी दिसतात. त्यांतील एखाद्याच्या हातापायांवर लालसर, खाजरे चट्टे उठतात. घरातील वडीलधारे ‘पित्त उठले’ म्हणून आमसूल चोळतात. ‘जरा सोसायला शिका’ असा उपदेशही होतो. हा उपदेश प्रसंगी जिवावर बेतू शकतो.

माधवनिदानात शीतपित्ताच्या कारणांत थंड वाऱ्याचा स्पर्श सांगितला आहे. थंडीने उठणाऱ्या अशा पित्ताला आधुनिक वैद्यक ‘कोल्ड अर्टिकेरिया’ म्हणते. थंडीमुळे त्वचेतील मास्ट पेशी हिस्टामिन नावाचे द्रव्य सोडतात आणि त्वचा सुजते. पुष्कळदा अंग पुन्हा ऊबदार होऊ लागले की चट्टे अधिक फुलतात. बर्फाचा गोळा किंवा थंडगार सरबत घेतल्यास ओठ, जीभ, घसा सुजू शकतो. विहिरीत वा नदीत उडी घेतली, तर सर्वांगाला एकदम थंडी लागून रक्तदाब कोसळतो, शुद्ध हरपते आणि पोहता येणारा माणूसही बुडू शकतो.

निदान सोपे आहे. डॉक्टर पिशवीतील बर्फ हातावर 5 मिनिटे ठेवतात आणि नंतर सुमारे 10 मिनिटांत तेथे फुगीर चट्टा उठतो का, हे पाहतात. उपचाराचा पाया म्हणजे गुंगी न आणणारी अँटीहिस्टामिन औषधे. गरजेनुसार त्यांची मात्रा डॉक्टरच वाढवितात. त्यांनी भागले नाही, तर ओमॅलिझुमॅबचे इंजेक्शन दिले जाते.

आणखी एक मार्ग आहे तो सवयीचा. 1936 मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकचे डॉ. बेयार्ड हॉर्टन व त्यांचे सहकारी यांनी अशा रुग्णांविषयी लिहिताना हा विकार उपचारास दाद देतो, हे नोंदविले. या पद्धतीत प्रथम शरीराचा लहानसा भाग सोसवेल इतक्या गार पाण्यात ठेवतात. पुढे भाग वाढवितात आणि पाण्याचे तापमान उतरवितात. एकदा प्रतिसाद देऊन गेलेली त्वचा काही काळ पुन्हा तसा प्रतिसाद देत नाही. तो काळ संपण्यापूर्वीच पुन्हा गार स्नान, असा हा क्रम आहे. येथे मिळविलेले साठून राहत नाही. काही दिवसांचा खंड पडला, तरी सहनशक्ती ओसरते. म्हणूनच पुष्कळ रुग्ण हा उपचार अर्ध्यावर सोडतात. शिवाय त्याचा आरंभ रुग्णालयातच, ॲड्रेनॅलिनचे इंजेक्शन हाताशी ठेवूनच व्हावा लागतो. घरच्या न्हाणीघरात करून पाहण्याचा हा प्रयोग नव्हे.

आपल्या शास्त्रात साधूंसाठी 22 परीषह सांगितले आहेत. त्यांत शीत परीषहही आहे. तो समजून-उमजून, समभावाने स्वीकारलेला असतो. मास्ट पेशीला मात्र समभाव शिकविता येत नाही. तिच्या प्रतिक्रियेला मनाचा दुबळेपणा समजणे हा रुग्णावर अन्याय आहे. अशा व्यक्तीने कोमट पाण्याने स्नान करून पूजा केली, म्हणून तिच्या भावात उणेपणा येत नाही.

वडनेर परिसरातील कुटुंबांनी अशी लक्षणे दिसताच हिंगणघाट, सेवाग्राम वा सावंगी येथे त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे. शस्त्रक्रियेपूर्वी भूलतज्ज्ञांना हा विकार आवर्जून सांगावा. शिरेतून दिले जाणारे थंड द्रवही त्रासदायक ठरू शकते. मुलाला एकट्याने पोहू देऊ नये. पुष्कळांचा हा विकार काही वर्षांत आपोआप ओसरतो. तोवर त्यांना जपणे हाही जीवदयेचाच भाग आहे.