मुंबईची शनिवारची रात्र

‘सॅटर्डे नाइट इन बॉम्बे’ हा ‘रिमेंबर शक्ती’ या फ्यूजन गटाचा अल्बम डिसेंबर 2000मध्ये मुंबईतल्या मैफलीत ध्वनिमुद्रित झाला आणि 2001मध्ये बाजारात आला. जॉन मॅकलॉफ्लिन (गिटार), झाकिर हुसेन (तबला), यू. श्रीनिवास (मँडोलिन) आणि व्ही. सेल्वागणेश (घटम, कंजिरा) ही मुख्य चौकडी.

रचना फक्त चार. त्यांपैकी ‘शृंगार’ जवळपास निम्मी मैफल खाते. शिवकुमार शर्मांचं संतूर इथे पाहुणं म्हणून येतं आणि बघता बघता यजमान होतं. फ्यूजनमध्ये सहसा घाई फार. इथे कुणालाच गाडी पकडायची नाही. ‘गिरिराज सुधा’त चेंबूरमध्ये वाढलेल्या शंकर महादेवन यांचा आवाज आहे. शिवमणी आणि तौफिक कुरेशीही मंचावर होते.

या गटाच्या आधीच्या अवताराचा, म्हणजे ‘शक्ती’चा, 1976 साली आलेला पहिला अल्बमही थेट मैफलीतलाच, अमेरिकेत ध्वनिमुद्रित झालेला. पुढे श्रीनिवास 2014मध्ये, शर्मा 2022मध्ये आणि माहीमचे झाकिरभाई 15 डिसेंबर 2024 रोजी गेले. ‘शक्ती’च्या ‘धिस मोमेंट’ या अल्बमला 2024मध्ये ग्रॅमी मिळालं. पण नव्या श्रोत्याने सुरुवात ‘शृंगार’पासूनच करावी.