टेक्सास, इस्रायल आणि मदतीच्या अर्जावरची अट

अमेरिकेतल्या गव्हर्नरला आपल्या राज्यपालासारखं वरून नेमत नाहीत. लोक त्याला थेट निवडून देतात, आणि राज्याचा कारभार त्याच्याच हाती असतो. परराष्ट्र धोरण वॉशिंग्टन ठरवतं, पण राज्याची कंत्राटं, विद्यापीठं आणि पोलीस यांच्यावर गव्हर्नरची पकड असते. टेक्सासचे रिपब्लिकन गव्हर्नर ग्रेग अ‍ॅबट यांनी इस्रायलसाठी ही तिन्ही साधनं वापरली.

२ मे २०१७ रोजी, इस्रायलच्या स्वातंत्र्यदिनी, त्यांनी ऑस्टिनच्या ज्यू समाजकेंद्रात एका विधेयकावर सही केली. इस्रायलवर बहिष्कार टाकणाऱ्या कंपनीला यापुढे सरकारी कंत्राट मिळणार नव्हतं. ‘बहिष्कार टाकत नाही, कंत्राट संपेपर्यंत टाकणारही नाही’ असं लेखी द्यावं लागणार होतं.

त्याच वर्षी ऑगस्टच्या अखेरीस हार्वी चक्रीवादळ आलं. ह्युस्टनजवळचं डिकिन्सन गाव पाण्यात बुडालं. घरदुरुस्तीच्या मदतीसाठी नगरपालिकेनं अर्ज मागवले, तर अर्जात हीच अट! ज्याच्या घरात पुराचं पाणी शिरलं, त्यानं आधी इस्रायलबद्दल हमी द्यायची. कायदा कंपन्यांपुरता आहे, गावाचा गैरसमज झाला, असा खुलासा विधेयक मांडणाऱ्या आमदारानं केला. बोभाटा झाल्यावर व्यक्तींसाठीची अट गेली. पण ज्या कायद्याचा असा अर्थ लागू शकतो, त्याचा मसुदाच सैल होता असं मला वाटतं.

पुढच्या वर्षी ऑस्टिनजवळच्या शाळांमध्ये मुलांच्या वाचादोषांवर काम करणाऱ्या एका तज्ज्ञ बाईंनी ही हमी द्यायला नकार दिला. नऊ वर्षांचं काम सुटलं. त्या कोर्टात गेल्या. एप्रिल २०१९ मध्ये संघराज्य न्यायाधीश रॉबर्ट पिटमन यांनी कायद्याला स्थगिती दिली. मेमध्ये कायदाच बदलला: दहापेक्षा कमी कर्मचारी किंवा एक लाख डॉलरपेक्षा लहान कंत्राट असेल, तर अट नाही.

ज्यूद्वेषाचा धोका मात्र खराच आहे. १५ जानेवारी २०२२ रोजी टेक्सासमधल्याच कॉलीव्हिलच्या सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालू असताना एका बंदूकधाऱ्यानं राबायसह (ज्यू धर्मगुरूसह) चौघांना ओलीस धरलं. एकाची आधी सुटका झाली. रात्री राबायनं बंदूकधाऱ्यावर खुर्ची फेकली आणि उरलेले तिघं निसटले. अशा प्रार्थनास्थळांना संरक्षण देणं हे कुठल्याही सरकारचं कर्तव्यच आहे, त्यात दुमत नको. सिनेगॉगच्या दारावर पहारा लागतो. डिकिन्सनमधल्या पूरग्रस्ताच्या सहीनं त्या दाराचं रक्षण होत नाही. अ‍ॅबट यांच्या कारकिर्दीत या दोन गोष्टींची सतत गल्लत होते, आणि माझा आक्षेप तिथेच आहे.

विद्यापीठांत ही गल्लत सर्वांत ठळक दिसते. सार्वजनिक विद्यापीठांची मोकळी आवारं सर्वांना बोलण्यासाठी खुली करणारा कायदा २०१९ मध्ये अ‍ॅबट यांनीच मंजूर केला होता. मार्च २०२४ मध्ये मात्र त्यांनी विद्यापीठांना ज्यूद्वेषाच्या मुद्द्यावर भाषणस्वातंत्र्याचे नियम बदलायचा आदेश काढला, आणि त्यात पॅलेस्टाइन-समर्थक विद्यार्थी संघटनांची नावंही घातली. महिन्याभरात, २४ एप्रिलला, ऑस्टिनच्या विद्यापीठातल्या पॅलेस्टाइन-समर्थक निदर्शनांवर राज्याचे पोलीस उतरले. पन्नासहून अधिक जणांना अटक झाली. पुरेसा आधार नाही म्हणून सरकारी वकिलांनी ते गुन्हे पुढे चालवलेच नाहीत.

त्या आदेशाला आधार होता ज्यूद्वेषाच्या एका व्याख्येचा. ती २०१६ मध्ये कशी ठरली आणि तिच्यातल्या इस्रायलविषयक उदाहरणांवर वाद का पेटला, ते पुढच्या आठवड्यात.