केडगावच्या विहिरी : पंडिता रमाबाईंचा भरवसा

ख्रिस्ती शिकवणुकीत देवावरचा भरवसा आणि धीर या दोन गोष्टी जोडीनेच येतात. रोमकरांस लिहिलेल्या पत्रात पौलाने संकटातून धीर, धीरातून शील आणि शीलातून आशा अशी साखळी मांडली आहे. संकट टळेल असे वचन त्यात नाही. या साखळीचा अर्थ पुणे जिल्ह्यात ज्यांच्या आयुष्यात लख्ख दिसतो, त्या म्हणजे पंडिता रमाबाई (१८५८–१९२२).

त्यांच्या संकटांची सुरुवात ख्रिस्ती होण्याच्या कितीतरी आधीची. वडील अनंतशास्त्री डोंगरे पुराणे सांगत तीर्थोतीर्थी फिरत. दक्षिणेतल्या दुष्काळात वडील, आई आणि मोठी बहीण पाठोपाठ गेली. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास पायपीट करत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोहोचले. तिथे ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या मिळाल्या. पण १८८० मध्ये भाऊ गेला आणि १८८२ मध्ये पती बिपिनबिहारी मेधावी पटकीने वारले. पदरात मनोरमा ही तान्ही मुलगी होती.

पुढे त्या मुलीला घेऊन इंग्लंडला गेल्या. २९ सप्टेंबर १८८३ रोजी तिथल्या वाँटेज येथे मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. दुःखाने खचलेल्या बाईने धर्माचा आसरा घेतला, असे म्हणणे सोपे आहे आणि चुकीचेही. बाप्तिस्म्यानंतरही रमाबाई वाँटेजच्या मठातल्या जोगिणींशी त्रैक्याच्या सिद्धान्तावर आणि चर्चच्या अधिकारावर पत्रांतून कडाडून वाद घालत राहिल्या. ख्रिस्ती धर्म आपल्याला मिळाला, पण ख्रिस्त मिळाला नव्हता, असे त्यांना पुढे वाटू लागले. खऱ्या विश्वासाचा अनुभव बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी आला, असे त्यांनी आपल्या साक्षीत सांगितले आहे. प्रश्न विचारणे आणि भरवसा ठेवणे त्यांच्या लेखी परस्परविरोधी नव्हते. ‘विश्वास म्हणजे मान तुकवणे’ असे मानणाऱ्यांनी ही पत्रे जरूर पाहावीत.

विश्वासाची किंमतही मोजावी लागली. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत रमाबाईंनी विधवा मुलींसाठी सुरू केलेले शारदासदन १८९० मध्ये पुण्यात आले. सदनात कोणावर धर्माची सक्ती नव्हती. मात्र दार लावून प्रार्थना करायला रमाबाईंनी नकार दिला. ज्या मुलींना वाटे, त्या येऊन बसत. १८९३ मध्ये यावरून पुण्यात गदारोळ झाला, रानडे-भांडारकरांसारखे हितचिंतक सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि पालकांनी वीसहून अधिक मुली काढून नेल्या. सदन मात्र बंद पडले नाही.

अमेरिकेतल्या मंडळींनी सदनाला मदतीचा शब्द दहा वर्षांपुरता दिला होता. ती मुदत संपण्याची वाट न पाहता रमाबाईंनी केडगावला जमीन घेतली, फळबाग लावायला घेतली. देव पुरवील ही खात्री आणि उद्याचा हिशेब, दोन्ही एकाच डोक्यात नांदत होते. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणलेल्या शेकडो मुली-बायका या जमिनीवर उतरल्या आणि ‘मुक्ती’ हा आश्रम उभा राहिला. १९०० च्या दुष्काळात गुजरातमधूनही मुली आल्या. आश्रमाची वस्ती दोन हजारांच्या घरात गेली.

एवढ्या माणसांना पाणी कुठून आणायचे? पुणे जिल्ह्याच्या पश्चिमेला, मुळशीतल्या मुठा खोऱ्यात पाऊस कोसळतो. त्याच जिल्ह्यात पूर्वेला, दौंडच्या बाजूचे केडगाव पर्जन्यछायेत येते. १९०० साली तिथल्या विहिरी संध्याकाळपर्यंत तळाला जात. गडी उद्यासाठी पाणी उरले नसल्याचे सांगत. रात्री झरे पाझरत आणि सकाळी त्या दिवसापुरते पाणी साठलेले असे, अशी आठवण मुक्तीच्या वृत्तान्तांत आहे. श्रद्धावंत याला प्रार्थनेचे उत्तर म्हणतील, भूजलाचा अभ्यासक झऱ्यांची गती सांगेल. या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे ते रोजचे वागणे : आज आहे तेवढे पाणी वापरायचे, उद्याच्या धास्तीने कोणाला दारातून परत पाठवायचे नाही.

प्रार्थनेइतकाच मुक्तीत हाताच्या कामावर भर होता. शेती, हातमाग, तेलघाणा, छापखाना हे सगळे बायकाच चालवत. आंधळ्या मुलींसाठी बार्तीमय सदन होते. मनोरमाबाईंनी त्यांच्यासाठी ब्रेल शिकून घेतली.

शेवटचा घाव सर्वांत खोल होता. आईनंतर मुक्ती सांभाळेल अशी जिच्याकडून अपेक्षा होती, ती मनोरमा २४ जुलै १९२१ रोजी वारली. रमाबाईंना ऐकू येणे आधीच फार कमी झाले होते, प्रकृती ढासळली होती. तरी साध्या बायकांना कळेल अशा मराठीत, थेट हिब्रू आणि ग्रीकवरून चालवलेले बायबलचे भाषांतर त्यांनी सोडले नाही. ते हातावेगळे करून ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी देह ठेवला. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये मुक्तीच्याच छापखान्यातून बाहेर पडले. मंडळ्यांमधून वाचले जाणारे बायबल मात्र पुढेही बायबल सोसायटीचेच राहिले.